कडाक्याच्या थंडीत विजेची मोटार : उबेचा जमाखर्च

जी विद्युत मोटार सप्टेंबरात एका चार्जिंगवर ४०० किलोमीटर धावते, तीच मोटार जानेवारीत २६० किलोमीटरवर थकते. बॅटरी तीच, चालक तोच, रस्ताही तोच. नॉर्वे, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, जर्मनी येथील मोटारमालकांचा हा दरवर्षीचा अनुभव आहे. बँकेच्या नोकरीत दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, परंतु अशी तफावत दिसली की ती कोणत्या खात्यात गेली याचा शोध घेतल्याशिवाय मला स्वस्थता लाभत नाही. एकशे चाळीस किलोमीटर काही हवेत विरून जात नाहीत. (वास्तविक त्यांतील बरेचसे अक्षरशः हवेतच विरतात; ते पुढे येईलच.)

हा विषय आपल्या घरांपासून वाटतो तितका दूर नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, जावई टोरंटो, शिकागो, म्युनिक अशा ठिकाणी स्थायिक झाले आहेत. पुढची गाडी विजेची घ्यावी का, असा प्रश्न ते फोनवर वडीलधाऱ्यांना विचारतात आणि वडीलधारे आपल्या हवामानातील अनुभवावरून उत्तर देऊन मोकळे होतात. तिकडच्या विक्रेत्याच्या दरपत्रकात मात्र एक ओळ असते, जी आपल्याकडे सहसा दिसत नाही : ‘हीट पंप – जादा किंमत’. ही किंमत युरोपात साधारण हजार युरोच्या आसपास असते. ती द्यावी की वाचवावी, हा शुद्ध व्यापारी प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर व्यापारी रीतीने काढता येते.

फुकटची ऊब आणि विकतची ऊब

पेट्रोल किंवा डिझेलची गाडी हिवाळ्यात उबदार राहते, याचे श्रेय तिच्या उधळेपणाला आहे. इंधनातील ऊर्जेपैकी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने रेडिएटर आणि धुराच्या नळीवाटे बाहेर टाकली जाते. त्या टाकाऊ उष्णतेतील थोडीशी आत वळवली की प्रवाशांना ऊब मिळते. उसाच्या चिपाडावर साखर कारखान्याचा बॉयलर चालावा, तसा हा प्रकार आहे. उपउत्पादन असल्याने त्याची किंमत कोणी मांडत नाही.

विजेची मोटर याच्या उलट काटकसरी. घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज ती गतीत रूपांतरित करते. टाकाऊ असे फारसे उरतच नाही, म्हणून उबेसाठी बॅटरीतूनच वीज काढावी लागते. सुरुवातीच्या बहुतेक विद्युत मोटारींत, आणि आजही अनेक स्वस्त मोटारींत, हे काम आपल्या घरच्या हीटरसारखाच एक हीटर करतो. एक युनिट वीज घेतो, एक युनिट उष्णता देतो. मोटर चालवण्यासाठी जपून ठेवलेला माल शेकोटीत घालण्याचाच हा व्यवहार म्हणावा लागेल.

आता आपल्या तफावतीकडे वळू. समजा बॅटरीत वापरण्याजोगी ६० युनिटे वीज आहे आणि सुखद हवेत गाडीला १०० किलोमीटरला १५ युनिटे लागतात, म्हणून पल्ला ४०० किलोमीटर. थंडीत नुसते धावणेही महागते. उणे १० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे अकरा टक्के दाट असते आणि गाडीला ती कापत जावे लागते. टायर कडक होतात, रस्त्यावर बर्फाचा चिखल असतो, वंगण घट्ट होते. बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, तिचा अंतर्गत रोध वाढतो. ब्रेक लावताना जी वीज बॅटरीत परत जमा व्हायची, ती गारठलेली बॅटरी पूर्ण स्वीकारत नाही. हे सारे मिळून १५ ची १८ युनिटे झाली असे धरू. पल्ला ३३३ वर आला, म्हणजे ६७ किलोमीटर या खात्यात गेले. या खात्यावर हीट पंपाचा काहीही उपाय नाही, हे आधीच नोंदवून ठेवलेले बरे. विक्रेते ते सहसा सांगत नाहीत.

दुसरे खाते उबेचे. अतिशय थंड गाडी गरम करताना सुरुवातीला हीटर पाच-सहा किलोवॅट खेचतो, मग दोन-तीनवर स्थिरावतो. सोपेपणासाठी सरासरी चार किलोवॅट घेऊ. महामार्गावर ताशी ८० च्या वेगाने १०० किलोमीटरला सव्वा तास लागतो, म्हणून उबेची ५ युनिटे. १८ आणि ५ मिळून २३; पल्ला २६१. दुसऱ्या खात्यात ७२ किलोमीटर गेले आणि वही जुळली.

परंतु खरी गंमत शहरात आहे. बर्फाळ शहरात सरासरी वेग ताशी ३० पडला, तर त्याच १०० किलोमीटरला तीन तास वीस मिनिटे लागतात आणि उबेचा खर्च १३ युनिटांच्या वर जातो. एकूण ३१ युनिटे, पल्ला जेमतेम १९२ किलोमीटर! पेट्रोलच्या गाडीची सवय झालेल्या माणसाला वाटते की हळू चालवले म्हणजे बचत झाली. येथे उलटे घडते. कारण धावण्याचा खर्च किलोमीटरवर लागतो आणि उबेचा खर्च तासावर. पहिला मालाच्या खरेदीसारखा, विक्री होईल तितकाच. दुसरा गाळ्याच्या भाड्यासारखा. गिऱ्हाईक येवो न येवो, घड्याळ चालूच. मंदीत भाडे जसे डोईजड होते, तशी संथ वाहतुकीत ऊब डोईजड होते. ज्यांनी दुकान चालवले आहे त्यांना ही गोष्ट अभियंत्यांपेक्षा लवकर समजावी.

नॉर्वेतील मोटारचालकांची राष्ट्रीय संघटना एनएएफ २०२० पासून हिवाळ्यात डझनावारी विद्युत मोटारी एकाच वेळी ऑस्लोहून डोंगराकडे सोडते आणि बॅटरी संपेपर्यंत चालवते. पहिल्या वर्षी थंडी फारशी कडक नव्हती. तेव्हा जाहीर पल्ल्याच्या तुलनेत सरासरी घट अठरा टक्क्यांच्या थोडी वर निघाली. हा आकडा वाचून अनेकांना हायसे वाटते. मात्र ती चाचणी सलग लांब प्रवासाची असते : गाडी एकदाच गरम करावी लागते आणि पुढे ती ऊब टिकवायची असते. मुलांना शाळेत सोडणे, बाजार, दवाखाना, पुन्हा घर, अशा चार तुटक फेऱ्यांत गाडी चारदा गारठते आणि चारदा नव्याने तापवावी लागते. ते नुकसान या आकड्यात नाही.

माल बनवायचा नाही, नुसता वाहायचा

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही. ती बाहेरून उचलून आत आणतो आणि वीज फक्त हमालीपुरती घेतो. मालाची किंमत द्यावी लागत नाही, वाहतुकीचेच पैसे पडतात; म्हणून एका युनिट विजेत दोन-तीन युनिटे उष्णता आत येऊ शकते.

ऐकणारा येथे हटकून विचारतो की उणे १० अंशांच्या हवेत उष्णता आहेच कोठे? प्रश्न रास्त आहे, पण ‘उणे’ या शब्दाने फसवलेला आहे. पाणी गोठते त्या बिंदूला आपण सोयीसाठी शून्य म्हटले. खरे शून्य त्याच्याही २७३ अंश खाली आहे. त्या हिशेबाने उणे १० अंशांची हवा अजून २६३ अंश ‘गरम’च आहे. माल आहे, फक्त तो आपल्या गोदामापेक्षा खालच्या पातळीवर पडलेला आहे आणि वर चढवावा लागतो.

चढवण्याचे यंत्र आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. फ्रिजच्या मागची जाळी गरम लागते, ती उष्णता आतल्या भाजीपाल्यातून काढलेली असते. एसीचा बाहेरचा पंखा गरम वारा फेकतो, तो आपल्या खोलीतील उकाडा असतो. हीट पंप म्हणजे उलट्या दिशेने चालवलेला एसी. बाहेरच्या जाळीत शीतक, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘एसीचा गॅस’ म्हणतो तो पदार्थ, बाहेरच्या हवेपेक्षाही थंड अवस्थेत सोडला जातो. त्यामुळे गोठलेल्या हवेतील उष्णताही त्याच्याकडे वाहते आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलच्या पंपाचे तोंड दाबून हवा भरताना पंप तापतो, तशी ती तापते. तापलेली वाफ गाडीच्या आतल्या जाळीत उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि पुढील फेरीला निघते. आपल्याकडील ‘हॉट अँड कोल्ड’ एसी आणि मोठ्या हॉटेलांतील, वसतिगृहांतील पाणी तापवणारी यंत्रे याच जातीची आहेत.

कल्पना जुनी आहे. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांनी १८५२ मध्ये इमारती अशा रीतीने कमी खर्चात तापवता येतील असे मांडले. त्यानंतर चार-पाच वर्षांतच ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी एबेन्से येथील मिठाच्या कारखान्यात हे तत्त्व कामाला लावून पाहिले. खारे पाणी आटवण्यासाठी लाकूड अफाट जळत असे. उकळत्या पाण्याची वाफ वाया जाऊ न देता, पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या यंत्राने ती दाबून अधिक गरम करायची आणि तीच पुन्हा पाणी आटवायला वापरायची, अशी त्यांची योजना. हीट पंपाच्या इतिहासातील हा पहिला मोठा प्रयोग मीठ व्यवसायात, सरपणाचा खर्च वाचवण्यासाठी झाला, हे आपल्या वाचकांना आवडावे.

मोटारीत तो यायला मात्र फार काळ गेला. २०१२-१३ च्या सुमारास रेनॉची झोई आणि निसानची लीफ या मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत हीट पंप दिसू लागला. टेस्लासारख्या कंपनीनेही आपल्या आधीच्या गाड्यांत साधे हीटरच वापरले होते. २०२० मध्ये आलेल्या मॉडेल वायपासून तिने हीट पंप स्वीकारला. आता चांगल्या गाड्यांत हीट पंप केवळ बाहेरच्या हवेतूनच माल उचलत नाही. मोटर, तिचे विद्युत नियंत्रक आणि बॅटरी यांतून जी थोडीफार उष्णता सुटते, तीही पाण्याच्या नळ्यांतून गोळा करून तो आत पाठवतो. पेट्रोलगाडीत जे फुकट मिळत होते त्याचाच हा तळाशी उरलेला अंश आहे. बर्फात तोही मोलाचा.

आपल्या उदाहरणात हीट पंपाने उबेचा खर्च निम्मा केला असे धरू, म्हणजे चारऐवजी दोन किलोवॅट. महामार्गावरील पल्ला २६१ वरून २९३ वर जातो. शहरातील १९२ वरून २४३ वर. महामार्गावर ३२ आणि शहरात ५१ किलोमीटर परत मिळाले. सगळी तूट भरून निघाली नाही, निघणारही नव्हती.

नेमक्या गरजेच्या वेळी थकणारा हमाल

या यंत्राचा एक दोष मूळ स्वभावातच आहे. जितकी थंडी अधिक तितकी ऊब अधिक हवी, आणि नेमके तेव्हाच ते दमते. बाहेर शून्य अंश असताना आत ५० अंशांचा वारा द्यायचा, तर निसर्गनियमानुसार एका युनिट विजेत जास्तीत जास्त साडेसहा युनिटे उष्णता आणता येते. बाहेर उणे २० असेल तर ही मर्यादा साडेचारपर्यंत उतरते. ही झाली कागदावरची कमाल. प्रत्यक्ष यंत्रे तिच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच पोहोचतात. चढ जितका उंच, तितकी हमाली जास्त, इतकाच याचा अर्थ.

दुसरी अडचण शीतकाची. मोटारींत पूर्वी सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा पदार्थ सामान्य दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. त्याच्या जागी आलेला आर-१२३४वायएफ उणे ३० च्या जवळपास. बाहेरची हवाच तितकी थंड झाली, तर त्याची वाफ अतिशय विरळ होते. कॉम्प्रेसर फिरत राहतो, पण प्रत्येक फेरीत हाती माल थोडा लागतो. म्हणून बहुतेक उत्पादक हीट पंपाच्या जोडीला साधा हीटरही ठेवतात आणि उणे १५-२० च्या खाली तोच अधिक काम करतो. तिसरी अडचण विचित्र आहे : शून्याच्या आसपासची ओलसर हवा कोरड्या कडाक्यापेक्षा त्रासदायक ठरते, कारण बाहेरच्या जाळीवर दव गोठून बर्फाचा थर बसतो आणि तो वितळवण्यासाठी यंत्राला मध्येच काम थांबवावे लागते.

यावर उपाय निघत आहेत. फोक्सवॅगनने आपल्या आयडी मालिकेतील हीट पंपात चक्क कार्बन डायऑक्साइड वापरला. तो कडक थंडीत चांगले काम करतो, मात्र त्याला वातावरणाच्या शंभरपटींहून अधिक दाब लागतो, म्हणून नळ्या आणि सांधे भक्कम व महाग. प्रोपेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधील एक घटक, उणे ४२ अंशांवर उकळतो आणि गुणांनी उत्तम आहे. फक्त ज्वलनशील असल्याने तो प्रवाशांच्या कक्षेपासून दूर ठेवावा लागतो. जुना आर-१३४ए वातावरणात सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट तापमानवाढ करतो, म्हणून युरोपीय संघाने २०१७ पासून नव्या मोटारींत त्याला मज्जाव केला. त्याच्या जागी आलेल्या पदार्थाविषयी आता निराळी शंका घेतली जाते. त्याच्या विघटनातून निसर्गात दीर्घकाळ न मोडणारे रसायन उरते. बाजार कोणत्या बाजूला झुकेल हे अद्याप ठरलेले नाही.

यंत्र जितके गुंतागुंतीचे, तितक्या बिघाडाच्या जागा अधिक, हेही लक्षात ठेवले पाहिजे. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाने अमेरिकेतील सुमारे २६,७०० गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर केली. हीट पंपातील एक झडप नको तेव्हा उघडून शीतक भलत्याच ठिकाणी अडकत असे आणि समोरच्या काचेवरील बाष्प निघत नसे. दुरुस्ती दूरस्थ पद्धतीने, संगणकीय आज्ञावली बदलून झाली. साधा हीटर इतका बुद्धिमान नसतो, म्हणून असा आजारीही पडत नाही.

हजार युरोंचा परतावा

आता मूळ प्रश्न. वर्षातील पाच थंड महिन्यांत एखादे कुटुंब ५,००० किलोमीटर फिरते आणि सरासरी वेग ताशी ४० आहे असे धरू. म्हणजे १२५ तास. तासाला दोन युनिटांच्या हिशेबाने २५० युनिटे वाचली. घरी वीज २० सेंट दराने पडत असेल, तर वर्षाची बचत ५० युरो. हजार युरोंवर पाच टक्के, आणि तेही मुद्दल दरवर्षी झिजत असताना! असा प्रस्ताव घेऊन कोणी माझ्या टेबलासमोर आला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते.

मात्र जे लोक घरी चार्जिंग करू शकत नाहीत आणि रस्त्यावरच्या वेगवान केंद्रांवर अवलंबून असतात, त्यांना युनिटमागे ६० सेंटही मोजावे लागतात. त्यांची बचत १५० युरो होते आणि सात वर्षांच्या आत पैसे फिटतात. टॅक्सीचालक किंवा घरोघर माल पोहोचवणारा व्यावसायिक तर हिवाळ्यात दिवसाचे आठ-दहा तास गाडीत असतो. त्याच्यासाठी एक-दोन हंगाम पुरेत.

आणि वीजबिल हेच एकमेव मोजमाप नव्हे. बँकेत आम्ही परताव्याबरोबर रोखतेचाही विचार करत असू : पैसे गरजेच्या दिवशी हाताशी आहेत का? हीट पंपाने दिलेले ३२ ते ५१ किलोमीटर उन्हाळ्यात निरुपयोगी असतात. ज्या दिवशी पुढचे चार्जिंग केंद्र बंद निघते किंवा घाट अडतो, त्या दिवशी त्यांची किंमत कळते. नॉर्वेत हार्डांगरविडाच्या पठारावरून जाणारा रस्ता हिमवादळात अनेकदा फक्त ताफ्याने, बर्फ काढणाऱ्या वाहनामागे रांगेत ओलांडावा लागतो. रांग थांबली की तासन्‌तास बसून राहावे लागते. थांबलेल्या गाडीत बॅटरीत ३० युनिटे शिल्लक आहेत आणि ऊब टिकवायला दोन किलोवॅट लागतात असे मानले, तर साधा हीटर पंधरा तास पुरतो. त्याच परिस्थितीत हीट पंप निम्म्या विजेत भागवू शकला, तर तीस तास. गाडीत लहान मूल किंवा वृद्ध आई असेल, तर या फरकाला युरोत मोजण्यात अर्थ नाही.

तोच पल्ला मोठी बॅटरी घेऊनही मिळवता येतो. आपल्या उदाहरणात त्यासाठी महामार्गावर सात, तर शहरी वापरात सोळा युनिटांची जादा बॅटरी लागेल. २०२४ मध्ये बॅटरी-संचाची जागतिक सरासरी किंमत युनिटमागे ११५ डॉलर असल्याची ब्लूमबर्ग-एनईएफची नोंद आहे. म्हणजे खर्च साधारण ८०० ते १,८०० डॉलर, शिवाय शंभर किलोपर्यंतचे ओझे बाराही महिने वाहायचे. या तुलनेत हीट पंपाचा भाव रास्त ठरतो. बॅटरी जसजशी स्वस्त होईल तसतशी ही तुलना बदलत जाईल, हेही खरे.

ज्याला काहीच पैसे पडत नाहीत

हीट पंप असो वा नसो, तिकडच्या मुलांना पहिला सल्ला असा द्यावा की निघण्यापूर्वी, गाडी भिंतीवरच्या प्लगला जोडलेली असतानाच, ती फोनवरून गरम करावी. सुरुवातीचा पाच-सहा किलोवॅटचा भार मग घरच्या विजेवर पडतो, बॅटरीची पुंजी शाबूत राहते. दुसरा सल्ला : आसन आणि सुकाणू तापवण्याची सोय आधी वापरावी. एका आसनाला शंभर वॅटच्या आतबाहेर वीज लागते. सगळी हवा तापवण्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. आपले आजोबा-पणजोबा दुकानात हवा तापवत नव्हते, अंगावर घोंगडी घेत होते. शास्त्र तेच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. गोठलेली लिथियम बॅटरी वेगाने चार्ज होत नाही, करूही नये. तसे केल्यास आत लिथियमचा धातुरूप थर साचून तिचे कायमचे नुकसान होते. म्हणून गाडीचा संगणकच चार्जिंगचा वेग रोखून धरतो. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत तापमान उणे १८ च्या खाली गेले, तेव्हा चार्जिंग केंद्रांबाहेर विद्युत मोटारींच्या लांब रांगा लागल्या आणि कित्येक गाड्या तेथेच बंद पडल्या. ती छायाचित्रे जगभर फिरली आणि ‘विजेची गाडी थंडीत चालत नाही’ असा निकाल अनेकांनी देऊन टाकला. परंतु त्याच २०२४ साली नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी ८९ निव्वळ विजेवरच्या होत्या. फरक गाड्यांत नव्हता. नॉर्वेतील बहुसंख्य मालक रात्री घरीच चार्जिंग करतात, आणि लांबच्या प्रवासात केंद्रावर पोहोचण्याआधी अर्धा तास बॅटरी गरम करण्याची आज्ञा गाडीला देतात. शिकागोत अनेकजण रिकामी आणि गारठलेली बॅटरी घेऊन, दुसरी सोय नसताना, रांगेत उभे होते.

बसगाड्यांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दर थांब्यावर दोन-तीन दारे उघडतात आणि तापवलेली हवा बाहेर पडते. उत्तर युरोपातील अनेक ‘विद्युत’ बसगाड्यांत ऊब देण्यासाठी आजही इंधनावर चालणारा छोटा हीटर बसवलेला असतो. जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

आपल्या देशात हा विषय हिमालयापुरता आहे. हिमाचल परिवहन महामंडळाने २०१७ मध्येच मनाली-रोहतांग मार्गावर विजेची बस चालवली. लडाखमध्ये तर डिझेलही थंडीत थिजते. म्हणून इंडियन ऑइलला २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल तेथे आणावे लागले. पुण्या-सोलापूरच्या ग्राहकाने मात्र केवळ हीट पंपासाठी जादा पैसे मोजू नयेत. आपली लढाई उकाड्याशी आहे आणि ती साधा एसी लढतो.

परदेशातील मुलांना द्यायचे उत्तर शहराप्रमाणे बदलते. व्हँकूव्हरसारख्या समुद्राकाठच्या सौम्य गावी हीट पंप उत्तम चालतो, पण तेथे थंडीच बेताची, म्हणून तो नसला तरी फारसे अडत नाही. टोरंटो, ऑस्लो, म्युनिक या पट्ट्यात हिवाळ्याचे बहुतेक दिवस शून्य ते उणे १० च्या दरम्यान जातात. हे यंत्र तेथे सर्वाधिक कामाचे. घर भाड्याचे असून दारात प्लग नसेल तर तेथे ते अवश्य घ्यावे. विनिपेगमध्ये पारा उणे २५ खाली जातो, त्या आठवड्यांत हीट पंप असून नसल्यासारखा. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये मात्र तो आपले काम चोख करील. त्या गावी गाडीतळावर जागोजागी विजेचे प्लग फार पूर्वीपासून बसवलेले आहेत. ते विद्युत मोटारींसाठी नव्हेत. पेट्रोलगाडीचे इंजिन रात्री गोठून सकाळी सुरू होण्यास नकार देते, म्हणून ते रात्रभर उबदार ठेवण्यासाठी तेथील लोक कित्येक दशके आपल्या पेट्रोलच्या गाड्या विजेला जोडून झोपत आले आहेत.